गवारीची सुकी भाजी: झाकणावरचं पाणी आणि काळा मसाला

गवार आता बऱ्यापैकी हातात बसली आहे, म्हणून नोंद टाकतो. मला हवी तशी म्हणजे शेंग मऊ पण अख्खी, मसाला अंगाला लागलेला, तळाशी पाण्याचा थेंब नाही. भाकरीशी चालली पाहिजे आणि वरण-भाताला तोंडी लावायलाही.

निम्मी भाजी बाजारातच ठरते. मी गवार बुधवारी नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून आणतो. तिथल्या एका मावशींचा नियम सरळ आहे: "दादा, शेंग वाकवून बघा. कट्कन मोडली तर घ्या, नुसतीच वाकली तर राहू द्या." आत बी टपोरं दिसलं की शेंग जून. (त्या पिकलेल्या बियांचा गवार गम होतो आणि तो आइस्क्रीमपासून तेलविहिरींपर्यंत कुठेही जातो. आपल्या कढईत मात्र नको.) सुरी मी वापरत नाही. हाताने मोडलं की शिर आपसूक निघून येते.

पाव किलो गवारीला दोन मोठे चमचे तेल. कमी तेलात ही भाजी रुसते. मोहरी पूर्ण तडतडू द्यायची, मग पाव चमचा ओवा, हिंग, ठेचलेला लसूण, हळद आणि लगेच गवार. ओवा गवार वातूळ म्हणून घालतात. मी तो चवीसाठीही घालतो, जिऱ्याने ती मजा येत नाही. शेंगा तेलात चांगल्या परतायच्या, त्यांचा रंग गडद हिरवा होऊन सालीवर बारीक फोड दिसेपर्यंत. इथे घाई केली की भाजी उकडल्यासारखी लागते.

मग मीठ, आणि झाकण म्हणून खोलगट ताटली, तिच्यात पाणी. या ताटलीनेच सगळा फरक पडला. वरचं पाणी झाकण गार ठेवतं, त्यामुळे आतली वाफ त्याला लागून थेंब होऊन परत शेंगांवर पडते. भाजी स्वतःच्याच वाफेवर शिजते, वेगळं पाणी ओतावं लागत नाही. लागलंच तर ताटलीतलं तापलेलं पाणी चमचाभर घालायचं, गार नाही. मंद आचेवर साधारण बारा-पंधरा मिनिटं. शेंग बोटांत दाबून बघायची.

चिंचेचा कोळ शेंग शिजल्यावरच. आंबटपणामुळे भाजीतलं पेक्टिन (पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पदार्थ) लवकर सुटत नाही, म्हणून आधी चिंच पडली तर शेंग कितीही वेळ ठेवा, दातांखाली करकरते. कोळाबरोबर सुपारीएवढा गूळ.

काळा मसाला मी आता दोन भागांत घालतो. एक चमचा झाकण ठेवण्याआधी, म्हणजे तो तेलात उमलतो. अर्धा चमचा अगदी शेवटी, वासासाठी. दगडफूल, तमालपत्र, भाजलेलं खोबरं हे सगळं आधीच भाजून काळं झालेलं असतं, ते तेलात पुन्हा जास्त वेळ राहिलं तर कडवट होतं. गोड्या मसाल्यानेही करून पाहिली. चव वाईट नव्हती, पण ती पुण्याकडची भाजी झाली. घरात सर्वांनी खाल्ली, मला तरी काळाच हवा.

दाण्याचं कूट दोन चमचे, भरड. बारीक कूट उरलासुरला ओलावा पिऊन गोळा होतं. कूट पडलं की झाकण नाही, आच जरा मोठी, दोन-तीन मिनिटं परतायचं आणि कडेने तेल दिसलं की गॅस बंद. लोखंडी कढई असेल तर भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. चिंच पडलेली असते, तशीच राहिली तर लोखंडाचा वास धरते.

आता दोन गोष्टी तपासायच्या आहेत: चिंचेऐवजी कैरीचा कीस, आणि कुटाऐवजी भाजलेल्या तिळाची भरड. कैरीला पाणी सुटतं, तेव्हा ती शेवटी उघड्या कढईतच टाकावी लागेल असं वाटतंय. कुणी केली असेल तर कीस पिळून घातला की तसाच, तेवढं सांगा.