रानडेतून चिपळूणला, आमच्या छोट्या स्टुडिओची वाटचाल

पुण्याला फर्ग्युसन रोडवर रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजे पुणे विद्यापीठाचा संज्ञापन आणि वृत्तपत्रविद्या विभाग, तिथून कोर्स करून मी चिपळूणला परत आलो तेव्हा घरचे म्हणाले आता इथे काय करणार, पेपर तर सगळे मुंबई-पुण्याचे. मी भाड्याच्या एका गाळ्यात एक कॅमेरा आणि एक सेकंडहँड कॉम्प्युटर घेऊन बसलो. सुरुवातीला लग्नं, बारशी, आंबेवाल्यांच्या पेट्यांवरची लेबलं, जे मिळेल ते केलं आणि मन लावून केलं.

मग २२ जुलै २०२१. वाशिष्ठी नदीचं पाणी रात्रीतून बाजारपेठेत शिरलं, आमचा गाळा तळमजल्यावर, सकाळी छतापर्यंत पाणी. कॅमेरे गेले त्याचं एवढं नाही पण हार्डडिस्क गेल्या, लोकांच्या लग्नांचं शूटिंग होतं त्यात, त्यातली काही माणसं आता हयात नाहीत, ते आजही मनाला लागतं. १८६४ पासूनचं आपलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, तिथली पुस्तकंसुद्धा भिजली. गाळ उपसताना बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फक्त दोन फोटो टाकले होते, मागितलं काहीच नव्हतं. पाचव्या दिवशी दोघं ज्युनिअर पुण्याहून एक कॅमेरा, एक लॅपटॉप आणि खराटे घेऊन दारात उभे! त्यांना मी आधी कधी बघितलंही नव्हतं, विभाग एक एवढीच काय ती ओळख.

त्यानंतर मी ठरवलं की दरवर्षी विभागातली दोन मुलं इंटर्नशिपला आपल्याकडे घ्यायची, राहायची सोय आमच्या घरी, जेवण आईच्या हातचं. गेल्या वर्षीच्या मुलीने खाडीत मुळे, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायकांवर वीस मिनिटांची फिल्म केली, ओहोटीची वेळ धरून पहाटे चार-चारला उठून जायची. यंदा ती नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, पास झाली. तिच्या आधीचा एक जण आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून लागलाय, आणि माझ्याच बॅचच्या मैत्रिणीला पीएचडी मिळाली. ग्रुपवर या बातम्या आल्या की मी त्या दिवशी स्टुडिओत पेढे वाटतोच.

६ जानेवारीला, पत्रकार दिनाला, आम्ही सगळे देवगड तालुक्यात पोंभुर्ल्याला गेलो होतो, बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. त्यांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं, एका कॉलमात मराठी आणि शेजारी इंग्रजी, वय विशीच्या आसपास! आमच्या इंटर्नच्याच वयाचे. मुलं तिथे बराच वेळ गप्प उभी होती.

आता गाळा पहिल्या मजल्यावर घेतलाय, सगळ्या फुटेजची एक कॉपी पुण्यात ठेवतो. मे महिन्यात दोघी नव्या येतायत, त्यांना चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या होडीवाल्यांवर काम करायचंय, तर कोणाकडे तिथले जुने फोटो असतील तर आत्ताच शोधून ठेवा.