बालविभागातील पुस्तकांची दुरुस्ती: फाल्गुन ते वैशाख २०२५ची नोंद

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातील बालविभागाच्या कपाटामागे फाटक्या पुस्तकांची तीन खोकी साठली होती, ती मी माघात घरी आणली. एकूण ६४ पुस्तके निघाली आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत त्यांतील ४१ पुन्हा मुलांच्या हाती गेली. ज्यांना पुस्तके दुरुस्त करण्याची आवड आहे, त्यांच्यासाठी या कामाची नोंद लिहीत आहे, कारण या वेळी मी पुस्तकांचा क्रम त्यांच्या मोडतोडीवरून लावला नाही. वाचनालयात वसंतात मुलांसाठी जे उपक्रम व्हायचे होते, त्यांत ज्या पुस्तकाची आधी गरज लागणार ते आधी हाती घेतले, आणि याचा कामाच्या पद्धतीवरही बराच परिणाम झाला.

निम्म्याहून अधिक पुस्तके १६ किंवा २४ पानांची, मधोमध घडी घालून दोन पिना मारलेली होती. आमचे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याने चार महिने हवेत ओल असते. त्या ओलीने पिना गंजतात, भोवतालचा कागद तपकिरी होऊन ठिसूळ पडतो आणि मधले पान सर्वांत आधी सुटते. अशा पुस्तकाला नवी पिन मारणे म्हणजे तोच आजार पुन्हा लावणे होय. मी पिनांचे पाय आतून उलगडून त्या अलगद काढते, गंजलेल्या भोकांवर आतल्या बाजूने जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) चिंचोळी पट्टी चिकटवते आणि ती वाळल्यावर घडीवर टोच्याने तीन नवी भोके पाडते. मेण लावलेला लिननचा दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर काढायचा, वरच्या भोकातून आत घ्यायचा, आतूनच थेट खालच्या भोकापर्यंत नेऊन बाहेर काढायचा आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणून त्या लांब टाक्याभोवती गाठ मारायची. सवय झाल्यावर शिवणीला दहा मिनिटेही लागत नाहीत, आणि पुढे कधी दोरा तुटलाच तरी कागद फाटत नाही.

खळ मी मैद्याची करते. एक भाग मैद्याला सहा भाग पाणी घेऊन ते मिश्रण मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळते आणि गाळून थंड करते. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची बाइंडरांची जुनी रीत आहे, पण लहान मुलांच्या पुस्तकांसाठी मी ती कटाक्षाने टाळते, कारण दोन-तीन वर्षांचे मूल पुस्तकाचा कोपरा तोंडात घालतेच आणि मोरचूद विषारी असते. मोरचूद नसल्याने चैत्रातल्या उन्हात खळ दुसऱ्याच दिवशी आंबते. म्हणून एका वेळी वाटीभरच करावी.

आता ज्या कामाने मला सर्वांत जास्त शिकवले, त्याविषयी लिहिते. काही वर्षांपूर्वी या विभागातील पुस्तके गावातल्याच कोणाकडून पक्की बांधून घेतली होती. घडीपासून अर्ध्या इंचावर आरपार भोके पाडून जाड दोऱ्याची शिवण, वर पुठ्ठा, पाठीला काळे कापड आणि कडा समान दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी कटाई असे त्या बांधणीचे स्वरूप होते. हिशेबाच्या वह्यांसाठी ही बांधणी उत्तम आहे, पण चित्रपुस्तकात मात्र दोन पानांवर पसरलेले चित्र मधोमध गिळले जाते आणि पुस्तक जमिनीवर उघडे राहतच नाही. झाडांवरच्या एका पुस्तकात पळसाच्या फांदीचे मोठे चित्र आहे आणि त्यातली नेमकी फुलेच शिवणीत अडकली होती. पाच-सहा वर्षांची एक मुलगी दोन्ही हातांनी ते दाबून धरत मला म्हणाली, ‘काकू, हे सारखं मिटतंय. सोडलं की मिटतंय.’ पुस्तक अगदी धडधाकट होते, एक पानही सुटलेले नव्हते, आणि तरीही ते वर्षानुवर्षे कोणी घरी नेले नव्हते. त्याच दिवशी मी ते खोक्यातल्या पुस्तकांत मिळवले आणि यादीत पहिल्या क्रमांकावर ठेवले.

ती शिवण उसवायला दोन संध्याकाळी लागल्या. दोरा ओढायचा नाही, प्रत्येक टाका कापूनच काढायचा. पाठीवरचा वाळलेला सरस ओल्या खळीचा थर देऊन मऊ केला आणि हाडाच्या पट्टीने खरवडला. घड्या सुट्या झाल्यावर प्रत्येक फर्मा, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचा जुडगा, मधल्या घडीतून जुजबंदी पद्धतीने शिवला आणि पाठीला सरसाचा जाड लेप न देता पातळ कापडाचीच पट्टी लावली. कापलेल्या कडा परत येत नाहीत, त्याची हळहळ आहे. मात्र पुस्तक आता सपाट उघडते आणि पळसाची फांदी अखंड दिसते.

त्याच आठवड्यात वाचनालयाच्या व्हरांड्यात आम्ही फुलांचे टेबल मांडले. झाडावरचे तोडायचे नाही, खाली पडलेलेच आणायचे, एवढा एकच नियम होता. काटेसावर, पांगारा आणि मुख्यतः पळस यांची फुले जमली. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’, हे सांगितल्याबरोबर प्रत्येकाला आपल्या फुलाची चोच दिसू लागली. चोचीसारखी वाकलेली पाकळी सुईने उघडली तेव्हा आत दहा पुंकेसर निघाले, नऊ एकमेकांना जोडलेले आणि एक सुटा. मुलांनी ते पुन्हा पुन्हा मोजले. मग पुस्तक सतरंजीवर उघडून ठेवले, त्याच्या चित्राशेजारी खरे फूल ठेवले, आणि चित्रकाराने कळीवरची काळपट मखमल रंगवली आहे की नाही यावर मोठी चर्चा झाली. ती रंगवलेली होती.

रंगपंचमीसाठी, १९ मार्चला, पळसाची सुकलेली फुले गरम पाण्यात भिजवून केशरी-पिवळा रंग केला. रंगाचे हात तसेच एका पुस्तकाला लागले आणि तीन पाने डागाळली. डाग लगेच टिपकागदाने टिपले, पुसले नाहीत. चोळल्याने रंग कागदाच्या तंतूंत खोल जातो. फिकट ठसे राहिले आहेत आणि मी ते तसेच राहू दिले.

गुढीपाडवा यंदा ३० मार्चला होता, म्हणून चैत्र तृतीयेनंतर लगेचच २ एप्रिल आला. हान्स ख्रिश्चन अँडरसनचा हा जन्मदिवस १९६७ पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो. दोन्ही निमित्ते एकत्र करून आम्ही व्हरांड्यात चैत्रांगण काढले. शंख, चक्र, गोपद्मे, कासव, नाग, हत्ती, मोर, सूर्य-चंद्र ही चिन्हे ग्रंथपालबाई काढत गेल्या, आणि मुलांनी प्रत्येक चिन्हासाठी कपाटातून एक गोष्ट शोधून आणायची असे ठरले. कासवासाठी पंचतंत्रातला कंबुग्रीव आला, जो दोन हंसांनी धरलेल्या काठीला तोंडाने लटकून उडाला आणि बोलायला गेल्यामुळे पडला. हत्ती आणि चंद्र ही दोन चिन्हे एका मुलाने एकाच गोष्टीत सापडवली, चंद्रसरोवरातले प्रतिबिंब दाखवून सशाने हत्तींना परत पाठवले ती. त्याने दोन्ही चिन्हांवर पाय ठेवून उभे राहायला परवानगी मागितली आणि रांगोळी मोडेल म्हणून शेवटी दोहोंच्या मध्ये बसून गोष्ट मोठ्याने वाचली. गोष्टी संपल्यावर कैरीची डाळ आणि पन्हे झाले, आणि या वेळी पुस्तके परत कपाटात ठेवण्याआधी सर्वांनी हात धुतले.

या वाचनासाठी पंचतंत्राच्या चार प्रती मी आधी शिवून दिल्या होत्या. तीस मुलांच्या हातांतून गेल्यावर त्या तपासल्या, तर एकही टाका सैल नव्हता. एका प्रतीचे मुखपृष्ठ मात्र घडीवर चिरले आहे. तिथे मी दुरुस्तीच्या कागदाचे तंतू आडवे ठेवले होते. ते घडीला समांतर हवे होते. पट्टी कापण्याआधी कागद हलकेच वाकवून पाहायचा, ज्या घडीला तो कमी विरोध करतो तिला समांतर तंतूंची दिशा, हे ठाऊक असूनही घाईत राहून गेले. ती पट्टी पुन्हा लावावी लागेल.

उरलेल्या २३ पुस्तकांत बहुतेक नुसत्या गोंदावर पाने चिकटवलेली आहेत, आणि सातांवर जुना, पिवळा पडलेला सेलोटेप आहे. टेपचा कागद हलक्या उष्णतेने सुटतो, पण चिकटा मागे राहतो. तो स्वच्छ रबराने थोडा थोडा उचलण्याचा प्रयोग चालू आहे आणि अजून एकाही पानावर मला पुरेसे समाधान नाही. कोणी हे काम छापील रंगीत पानावर केले असेल तर त्यांनी आपली पद्धत अवश्य लिहावी. परीक्षा आता संपल्या आहेत आणि वाचनालयाच्या फाटकाजवळचा बहावा फुलला आहे, त्यामुळे पुढच्या रविवारच्या टेबलासाठी पक्ष्यांवरची तीन पुस्तके शनिवारपर्यंत शिवून व्हायला हवीत. त्यांपैकी दोन आज दाबाखाली आहेत.