सहावी बाई

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं पत्र आलं. बाकीच्या शिक्षकांनी रागावू नये, पण लिहायचं तर अर्थशास्त्राच्या सरांवरच.

श्रमाची सीमान्त उत्पादकता, म्हणजे एक मजूर वाढवला की उत्पादन किती वाढतं ते, शिकवायला पुस्तकात कारखाना होता. सर फळ्यावर पऱ्हाटीचं वावर मांडत. वावर तेवढंच, फुटलेली बोंडं तेवढीच, वेळही तेवढीच. वाढतात फक्त वेचणाऱ्या बाया. एक ते सहा बायांचा दिवसाचा कापूस ४०, ८४, १२६, १६०, १८०, १८० किलो. पुढच्या आकड्यातून मागचा वजा करत जायचं : ४०, ४४, ४२, ३४, २०, ०. बाया एकदम दोन वाढवल्या तर फरकाला दोनानं भागायचं, नाहीतर उत्तर दुप्पट येतं. पाचवीपुढं ३६ लिहिणारे वर्गात हमखास निघत, ती पाचजणींची सरासरी. आणि सकाळचा दवाचा कापूस जड भरतो, तेव्हा एक वजन सकाळचं अन् दुसरं उन्हातलं घेऊन वजाबाकी करायची नाही.

“सहावी कामचुकार का जी, सर?” एकीनं विचारलं. सरांनी अख्खा तास त्यावरच घालवला. सहावीच्या ओटीतही तीस किलो असतातच. पण ते उरलेल्या पाचजणींच्या वाट्याचे, प्रत्येकीचे सहा. शून्य तिच्या नावावर मांडू नका. सहांतली कोणतीही घरी राहिली तरी १८०च भरतो.

मग वेचाई. समजा रोज ३०० रुपये, कापूस किलोला ७०. पाचवीमुळं वाढलेले २० किलो म्हणजे १४०० रुपये, ती मालकाला परवडते. सहावीचा रोज अंगावर पडतो. पण आपल्याकडं वेचाई बहुधा किलोवर. बाया पाच असोत की सहा, मालक पैसे १८० किलोचेच मोजतो. प्रत्येकीचे मात्र ३६ चे ३० होतात. म्हणजे गर्दीचा तोटा बायांनीच आपसात वाटून घ्यायचा! हे पुस्तकात नव्हतं.

शेतीत जादा मजुरांची सीमान्त उत्पादकता शून्याजवळ असते, हे अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडलं. दुसरे अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी ते खोडायला १९१८ ची आपल्याकडची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ पुढं केली : माणसं गेली तसा पेराही घटला, मग शून्य कसं? दोघांना १९७९ चं नोबेल विभागून मिळालं, हे सांगताना सर हसत.

आताच्या गाइडात वजाबाकीचा रकाना भरूनच येतो. समारंभाला सर येणार असतील तर एक फळा ठेवा, आणि जरा खाली लावा. त्यांचे गुडघे दुखतात म्हणे.