केळीतली फिल्म, भाग 6: हा पळताना मोबाईल का धरतो?

केळीच्या बागेत मोबाईलवर काढत असलेल्या माझ्या भयपटाचा, मागच्या भागात सांगितलेला 11 मिनिटांचा कट (जोडून तयार केलेली आवृत्ती) बाद केलाय. रविवारी ओट्यावर घरच्या आठ-दहा जणांना दाखवला. पहिली सात मिनिटं कुणी जागचं हललं नाही. मग आपला गडी केळीतून जीव घेऊन पळायला लागला, आणि नाना म्हणाले, "मागे काहीतरी लागलंय आणि हा मोबाईल समोर धरून पळतोय?" तिथून पुढे सगळे नुसते मोबाईलकडेच बघत होते. भीती संपली.

फाउंड फुटेजचं, म्हणजे पात्रांनीच काढलेलं रेकॉर्डिंग सापडलंय असं दाखवणाऱ्या सिनेमांचं, हे जुनंच दुखणं. कॅमेरा चालू का आहे, याचं उत्तर प्रत्येक मिनिटाला द्यावं लागतं. 1999 च्या 'ब्लेअर विच'मध्ये पोरं माहितीपट काढायलाच जंगलात गेलेली असतात. शिवाय त्यातला एक जण बोलून दाखवतो की कॅमेऱ्यातून पाहिलं की सगळं पूर्ण खरं वाटत नाही, म्हणून त्यांच्यातली हेदर कॅमेरा सोडत नाही. 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी'त रात्री कॅमेरा स्टँडवर उभा, म्हणजे प्रश्नच मिटला. पण मला सगळ्यात पटतं ते स्पॅनिश 'रेक'चं. शेवटी कॅमेऱ्याचा दिवा फुटतो आणि नाईट व्हिजनमधूनच काय ते दिसतं. कॅमेरा खाली ठेवला तर माणूस आंधळा!

माझ्याकडे असं काहीच नव्हतं. "यूट्यूबसाठी व्हिडिओ काढतोय" हे कारण पळायला लागेपर्यंतच टिकतं.

उत्तर परवा रात्री शेतातच मिळालं. मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट बाराला आली, काकांबरोबर मोटार चालू करायला गेलो. मागच्या वर्षी आमची केबल कापून नेली होती, म्हणून विहिरीजवळ खुडबूड ऐकू आल्यावर काका हळूच म्हणाले, "आधी व्हिडिओ चालू कर, मग पुढे हो." चोर असला तर पुरावा हवा! खुडबूड रानडुकरांची निघाली. रेकॉर्डिंग थांबवलं तर टॉर्चही गेला, कारण माझ्या फोनमध्ये व्हिडिओचा उजेड रेकॉर्डिंग असेपर्यंतच राहतो. मिट्ट काळोखात, चारी बाजूंना सारख्याच ओळी. मी न ठरवता पुन्हा लाल बटण दाबलं.

घरी येईपर्यंत पटकथा बदलली होती. आता तो पुराव्यासाठी चालू करतो आणि उजेडासाठी बंद करू शकत नाही. सुरुवातीलाच एकदा बंद करून काळोख दाखवायचा, म्हणजे नंतर कुणाला समजावत बसायला नको.

बाकी कामांचं थोडक्यात. आवाज दर दोन मिनिटांनी मागे पडत होता, कारण फोन फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कमी-जास्त करतो. हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट, म्हणजे एकसारख्या फ्रेम रेटवर काढून घेतलं, आता ओठ आणि शब्द जुळतात. जवळचं पान पांढरंफट्ट व्हायचं, तेही ओपन कॅमेरा अ‍ॅपमध्ये एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक करून सुटलं. फुकटच्या अ‍ॅपमध्ये याच्यापेक्षा भरवशाचं मला दुसरं सापडलेलं नाही. कॉलरचा माइक मात्र काढून टाकला. आवाज इतका स्वच्छ येत होता की स्टुडिओत बसल्यासारखं वाटे. फोनच्याच माइकमध्ये वाऱ्याने फाटक्या पानांची सळसळ येते आणि तिच्यात पावलं लपतात. पार्श्वसंगीत लागतच नाही, याच्यासाठीच तर हा प्रकार मला इतका आवडतो. पैसे लागत नाहीत आणि जे दाखवता येत नाही तेच कामाला येतं.

हे लिहिताना आणखी एक सुचतंय. पळणंच काढून टाकलं तर? सरीत पाय अडकून तो पडतो, मोबाईल उताणा. टॉर्चमध्ये फक्त केळीची पानं आणि वरून लोंबणारा एक घड. लांबून त्याचा आवाज, "कोन शे रे तठे?" मग चाळीस सेकंद काहीच नाही, आणि घड हलायला लागतो. वारा नसताना.

हो, हेच करतो. मावसभावाला आत्ताच फोन केला. घडाला मागून सुतळी बांधून तो ओढणार आहे, फक्त त्याने जुने कपडे घालून यायचं, केळीचा डाग निघत नाही. पुढच्या आठवड्यात आमच्या फिडरला (वीजवाहिनीला) पुन्हा रात्रीची लाईट आहे, तेव्हा वारा पडला की शूट.