सदुसष्टाव्या वर्षी हृदयाच्या यादीत

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडे हृदय बदलायचं म्हटलं की लोक आधी वय विचारतात. "आबा, या वयात हे कशाले?" मलाही डॉक्टर नाहीच म्हणतील असं वाटलं होतं. हृदयाचं पंपिंग, म्हणजे रक्त ढकलायची ताकद, वीस टक्क्यांवर आलेलं, रात्री आडवं झालं की दम लागायचा.

मुंबईत मात्र वयावरून कुणी अडवलं नाही. मृत दात्याच्या अवयवासाठी ६५ वर्षांवरच्यांची नोंदणी नाही, ही अट केंद्राने २०२३ मध्ये काढली. प्रश्न होता बाकीचं शरीर हे पेलेल का. मग किडनी, लिव्हर, फुप्फुसं, आतड्याची दुर्बीण, कॅन्सर तर नाही ना हे सगळं पाहिलं. किडके दातसुद्धा आधीच काढले; नंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू झाली की साधा जंतुसंसर्गही महागात पडतो. मानेच्या शिरेतून नळी घालून फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब मोजला. तो फार असेल तर नवं हृदय त्यापुढे टिकत नाही. त्या रिपोर्टची वाट बघताना मी सगळ्यात जास्त घाबरलो. समुपदेशक बाईंनी मुलाला आणि सुनेलाही बसवून विचारलं, गोळ्यांच्या वेळा कोण सांभाळणार?

नोंदणी आपल्याला परस्पर करता येत नाही, रुग्णालयच अवयव वाटपाच्या विभागीय समितीकडे करतं. रक्तगट जुळावा लागतो, देहाची चणही. काढलेलं हृदय साधारण चार तासांत बसवायचं असतं, म्हणून चोपड्यात बसून वाट बघण्यात अर्थ नव्हता. ठाण्याला भाचीच्या शेजारी खोली घेतली. एकदा फोन आला, उपाशीपोटी पोहोचलो, तर ते हृदय तपासणीत बसलं नाही. परत खोलीवर.

शस्त्रक्रियेचं काय सांगू, मी झोपलेलो होतो. त्यानंतरचं सांगतो. बायोप्सीसाठी, म्हणजे नव्या हृदयाचा बारीक तुकडा काढून तपासायला, पुन्हा तीच मानेची शीर. नव्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असल्याने ठोके बसल्या जागीही जास्त पडतात, आणि चालायला लागलं की सावकाश वाढतात. त्यामुळे आधी थोडं रमतगमत चालतो, मग वेग घेतो. टॅक्रोलिमस, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, बारा-बारा तासांनी. रक्तात त्याचं प्रमाण तपासायचं त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच.

आणि या गोळीने पोटॅशियम वाढतं, म्हणून केळी बेतानेच. घरची केळीची बाग असलेल्या माणसाला! शेणखत आणि मातीत हात घालायलाही मनाई आहे. बागेत जातो, पण बांधावर उभा राहून नुसते हुकूम सोडतो. मुलगा म्हणतो, ते तर आबा आधीही करायचे.