पाकळीच्या डिस्कने काय दिलं?

बाइकवरून ताम्हिणी घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर बोटांना हलके धक्के द्यायचा, चाकाच्या दर फेऱ्याला एक. "डिस्क वाकलीय, बदलून टाक," असं मित्र म्हणाला. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी पोलादी चकती, ब्रेकचे पॅड तिलाच दोन्ही बाजूंनी पकडतात. मी पुण्यात स्पेअर पार्टच्या दुकानांसाठी नाना पेठ गाठली.

दुकानात साध्या गोल डिस्कशेजारी पाकळीची डिस्क ठेवली होती, कडा लाटेसारखी कापलेली. "दादा, हीच घ्या. हलकी आहे, थंड राहते, पाणी झटकते." देखणी तर होतीच. घेतली, बसवली, आणि धक्के जसेच्या तसे!

मग गॅरेजमधल्या काकांनी चाक स्टँडवर घेऊन डायल गेज लावला, म्हणजे फिरणारी डिस्क किती डुगडुगते ते मोजणारं काट्याचं यंत्र. काटा ०.३५ मिलिमीटर डोलत होता. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.३ ची. त्यांनी डिस्क खोलून हबची बैठक दाखवली, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावरची डिस्क टेकते ती जागा. एका बोल्टाजवळ गंजाचा पापुद्रा, त्यावर वाळलेलं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून लावतात तो गोंद). तारेच्या ब्रशने ते साफ करून बोल्ट समोरासमोरचे आवळत नेले, तर काटा ०.०९ वर आला. जुनी डिस्कही लावून पाहिली, तीही तेवढीच सरळ. तिच्यावर कोरलेली किमान जाडी ३.५ मिलिमीटर, आणि ती अजून ४.१ होती. म्हणजे बदलायची गरजच नव्हती.

तरी पाकळी चांगली असेल तर राहू दे, म्हणून दोन्ही वजनकाट्यावर ठेवल्या. जुनी एक किलो, नवी आठशे ग्रॅम. डिस्कचं काम वेगाची उष्णता पोटात घेऊन हळूहळू वाऱ्याला देण्याचं. गाडी आणि मी मिळून २३० किलो. ताशी ६० वरून थांबलो तर सुमारे ३२ किलोज्यूल उष्णता तयार होते. ती सगळी एक किलो पोलादात गेली तर ते साधारण ६५ अंशांनी तापतं, आठशे ग्रॅम असेल तर ८० अंशांनी. घाटात ब्रेक एकामागून एक लागतात, तिथे मला हलकेपणा नको, वस्तुमान हवं.

वेगळ्या आकाराला माझा विरोध नाही. ब्यूएल या अमेरिकन कंपनीच्या एक्सबी गाड्यांची ३७५ मिलिमीटरची डिस्क थेट रिमला जोडलेली असायची. ब्रेकचा जोर आऱ्यांमधून जात नसल्याने चाक हलकं करता आलं. होंडाने १९८१ च्या सीबीएक्स४००एफ मध्ये बिडाची (ओतीव लोखंडाची), हवा खेळती राहील अशी डिस्क झाकणाआड ठेवली, कारण बीड पकडतं छान पण गंजतं. दुरुस्ती मात्र किचकट. शर्यतीतली कार्बन डिस्क नीट तापल्याशिवाय पकडत नाही, त्यामुळे सिग्नलच्या रस्त्यावर तिचा उपयोग नाही. तरीही या तिन्ही रचनांमागे एक अडचण आणि तिचं उत्तर आहे. पाकळीने कडेला वाढीव जागा मिळते, वजन घटतं, पॅडवरची घाण थोडी खरवडली जाते. पाण्याचं म्हणाल तर ते काम माझ्या जुन्या डिस्कची भोकंही करतच होती.

मी पाकळी अख्खा पावसाळा चालवली. भर पावसात पहिल्या दाबाला काहीही फरक जाणवला नाही. घाटात मागे बायको बसलेली असताना मात्र पॅडचा करपट वास लवकर आला.

दिवाळीच्या आधी जुनी डिस्क परत चढवली. नवे पॅड घातले आणि मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत वीसेक वेळा हळूहळू ब्रेक लावून ते डिस्कशी नीट बसवून घेतले. धक्के गेले आहेत. हबची बैठक आता दर सर्व्हिसला स्वतः पुसतो.