बाबांची बारा बोअर आणि माझे दीड वर्षाचे हेलपाटे

बाबा गेले ऑगस्ट २०२३ मध्ये. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी आमचे पोलीस पाटील, तात्या, ओसरीवर येऊन बसले. चहा घेतला, भाताचं विचारलं, पावसाचं विचारलं आणि मग कप खाली ठेवत हळूच म्हणाले, "झिला, ती बंदूक स्टेशनात जमा करूक होयी. बाबाचो परवानो बाबाबरोबर गेलो."

खरं सांगतो, तोवर हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आजोबांनी १९६८ साली घेतलेली एकनळी बारा बोअर (बारा बोअर हे नळीचं माप) बंदूक, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, माजघरात खुंटीला असायची. आधी आजोबांची, मग बाबांची, आता माझी, इतका साधा हिशोब. पण कायदा असा की बंदूक ही वस्तू वारसांची असली तरी ती घरात ठेवायची तर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या नावावर परवाना पाहिजे, आणि परवानाधारक वारला की विनाकारण उशीर न करता ती पोलीस स्टेशनला नाहीतर परवानाधारक डीलरकडे जमा करायची. शस्त्र अधिनियम १९५९, कलम २१. मी त्याच आठवड्यात गोणपाटात गुंडाळून नेऊन दिली आणि पावती घेतली. (पावती घ्याच. पुढं सगळं त्या चिटोऱ्यावर चालतं.)

मग सुरू झालं ते वारसा हक्कानं परवाना नावावर करून घेण्याचं प्रकरण. कुठला जिल्हा, कुठलं ऑफिस ते मुद्दाम लिहीत नाही, कारण माझं भांडण माणसांशी नाहीच, तिथले क्लार्क भाऊ तर मला स्वतःच्या डब्यातली भाकरी देईपर्यंत ओळखीचे झाले होते. तर कागद काय लागले, ऑनलाइन अर्ज, बाबांचा मृत्यूचा दाखला, बाबांचं परवाना पुस्तक, वारसांचा पंचनामा, सातबारा, आठ अ, आईचं आणि दोन्ही बहिणींचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र (धाकटी बेळगावात, तिचा स्टॅम्प पेपर कर्नाटकचा आला म्हणून तो परत करून घेतला), डॉक्टरांचं फिटनेस ज्यात मानसिक आरोग्याचाही रकाना असतो, बंदूक सुरक्षित हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, आणि हे सगळं झाल्यावर पोलीस व्हेरिफिकेशन. व्हेरिफिकेशनला आलेल्या हवालदारांनी शेजारच्या काकूंना विचारलं, "याला राग येतो का हो?" काकू म्हणाल्या, "येता, पण बायलेसमोर चलना नाय." तेवढ्यावर आमचं चारित्र्य क्लिअर झालं.

खरी मेख होती नंबराची. आता देशभरातल्या सगळ्या परवान्यांची एक ऑनलाइन नोंद असते, प्रत्येक परवानाधारकाला एक यूआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळतो, आणि बंदुकीचा नंबर त्या नोंदीशी जुळावा लागतो. आमच्या पुस्तकात शेवटचा आकडा ६, ऑनलाइन नोंदीत ८. कोणीतरी टाइप करताना चुकलं असणार, बाबांना कधी कळलंच नाही कारण त्यांचं नूतनीकरण कायम पुस्तकावरच झालं. आता खरं कोण? बंदूक. आणि बंदूक पोलीस स्टेशनच्या मुद्देमाल खोलीत. म्हणजे नंबर बघायला परवानगीचा अर्ज, अर्जावर साहेबांची सही, साहेब बंदोबस्ताला. शेवटी एके दिवशी एक पोलीस भाऊ, मी, रॉकेलचा बोळा आणि जुना टूथब्रश असे तिघंचौघं त्या नळीवर तासभर घासत बसलो. गंज निघाला तसा आकडा दिसला, ६. मोबाइलवर फोटो काढला, पंचनामा झाला, दुरुस्तीचं पत्र गेलं. त्या पत्राला वर पोचून परत यायला चार महिने लागले, टूथब्रशला एक तास लागला होता.

या चार महिन्यांत मी बराच वाचत बसलो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. त्यात भाचा ह्युस्टनला असतो, त्याला व्हॉट्सॲपवर हे रामायण सांगितलं तर तो हसायलाच लागला. म्हणे मामा, इथं तर केंद्र सरकारनं बंदूकमालकांची यादी करायलाच १९८६ च्या कायद्यानं बंदी आहे, लोक म्हणतात आज नोंद केली की उद्या घरी येऊन काढून नेतील. त्यांच्या सुप्रीम कोर्टानं २००८ साली हेलर केसमध्ये सांगितलं की स्वतःच्या घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क आहे, आणि २०२२ च्या ब्रूएन निकालात तो घराबाहेरही नेला. मी म्हणलं बाबा रे, तुझ्याकडे शाळेत पोरांना गोळीबाराचा ड्रिल करायला लावतात ते पण सांग. तो गप्प. पण नंतर मलाच खाज सुटली, की आपल्या घटनेत याबद्दल आहे काय?

तर आहे, पण उलट्या बाजूनं. अनुच्छेद १९ मध्ये शांततेनं एकत्र जमायचा हक्क आहे आणि तिथंच "विनाशस्त्र" असं घातलंय. शिखांच्या कृपाणाची सोय अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात वेगळी आहे. गंमत म्हणजे १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नागरिकाला नियमांच्या अधीन शस्त्र बाळगायचा हक्क असावा असं होतं, कारण १८७८ च्या इंग्रजी शस्त्र कायद्याचा राग होता ना. त्याच जोरावर ह. वि. कामतांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत दुरुस्ती आणली, आणि बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही, सरसकट सगळ्यांना असा हक्क देणं त्यांना पटलं नाही. मला वाटतं बरोबरच केलं. आमच्या वाडीत बांधावरून ज्या भाषेत भांडणं होतात ती ऐकली तर कोणीही हेच म्हणेल.

पण मग एक कलम सापडलं आणि मी अंथरुणातून उठून बसलो. घटनेतलं नव्हे, त्याच शस्त्र अधिनियमातलं कलम १३, पोटकलम ३. भारतीय नागरिकाला खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक हवी असेल, किंवा स्वसंरक्षणासाठी वीस इंचापेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत (आतून आटे नसलेल्या) नळीची बंदूक हवी असेल, तर अधिकाऱ्यानं परवाना "द्यायचा आहे". देता येईल असं नाही, द्यायचा. आणि ठासणीची पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर शेतीसाठी आमच्यासारखी बारा बोअर पण देता येते. नाकारायचं असेल तर कलम १४ मधली कारणं पाहिजेत, ती लेखी नोंदवायची आणि मागितली तर, सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर, थोडक्यात कळवायची, आणि त्यावर अपील करता येतं. मालमत्ता पुरेशी नाही एवढ्याच कारणावर तर नाही म्हणताच येत नाही. मूलभूत हक्क नसेल, पण उत्तर मिळायचा हक्क आहे की राव! मी हे कलम अर्जात शब्दशः उतरवून पुन्हा नेऊन दिलं. क्लार्क भाऊ म्हणाले, "वकील केला काय?"

आणि मग निवडणूक लागली. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता, ऑफिसातला अर्धा स्टाफ इलेक्शन ड्युटीवर, फाईल जागेवर. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस जमा करून घेतात. आमची तर बंदूक आधीच आत होती, पण वाडीतल्या बाकीच्यांच्याही जमा झाल्या. आमच्याकडे मतदान ७ मे ला, निकाल ४ जूनला, म्हणजे काजू आणि आंब्याचा अख्खा सीझन गेला. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता, तेव्हा भात कापणीला आलेलं. डुकरांना आचारसंहिता नसते. आमच्या चौदा गुंठ्यातलं भात एका रात्रीत असं लोळवलं होतं की वरून रोलर फिरवल्यासारखं वाटावं. आता कोणी म्हणेल की परवाना असला म्हणून डुक्कर मारता येतं का, तर नाही, त्याला वन खात्याची परवानगी वेगळी लागते आणि गवा तर वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, त्याच्याकडे नळी रोखायची पण नाही. पण हवेत एक बार काढला की कळप पांगतो. फटाक्यांना ती जनावरं आता हसतात.

या जमा करण्याबद्दल सुद्धा मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाचा २००९ चा निकाल आहे, की सरसकट सगळ्यांना "जमा करा" म्हणायचं नाही, छाननी समितीनं एकेकाचं प्रकरण बघून ठरवायचं. समिती असते, कागदावर बैठकही होते, पण आमच्या वाडीतल्या सत्तरी पार केलेल्या आप्पांपासून कोणता धोका छाननीत निघाला ते मला अजून समजलेलं नाही. तिकडे कर्नाटकात कोडगूत कोडव लोकांना आणि जम्मा (तिथली वंशपरंपरागत) जमीनधारकांना १९६३ पासून परवान्यातूनच सूट आहे, २०२१ मध्ये तिथल्या हायकोर्टानं ती कायम ठेवली. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "मगे आपण थयसर जावया."

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये बीडला परवाने रद्द करायची मोहीम निघाली तेव्हा टीव्हीवर कमरेला पिस्तुल लावून फोटो काढणारे लोक बघितले आणि मनात आलं, यांना परवाना मिळाला किती दिवसांत? मला नोंदणीचा राग नाही. नंबर लिहा, फोटो घ्या, डॉक्टरकडे पाठवा, शेजारणीला विचारा, सगळं करा. २०१९ च्या दुरुस्तीनं माणशी तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवली तेही ठीक, नूतनीकरण तीनऐवजी पाच वर्षांनी केलं ते तर झकासच. पण कमरेच्या पिस्तुलाला आणि डुकरामागच्या बारा बोअरला एकच चाळणी लावली की चाळणीतून नेमका पिस्तुलवालाच खाली पडतो आणि आप्पा वर राहतात.

माझा परवाना आला फेब्रुवारी २०२५ मध्ये. नवा यूआयएन, माझ्या नावाचा, आणि शेवटचा आकडा ६, तीन वेळा वाचला. बंदूक आणायला गेलो तर घोडा जाम, दस्त्याला वाळवी. आई ओसरीवर होती, तिनं बंदुकीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आधी तेल लाव तिका." दुरुस्तीला परवानाधारक कारागीरच लागतो, तो आमच्यापासून दोन तासांवर, त्यात अजून तीन आठवडे गेले.

त्या पावसाळ्यात तात्या परत आले. चहा, भात, पाऊस. मी म्हणलं तात्या, सरळ बोला. स्थानिक निवडणुकांची हवा होती, "बंदुकीची तयारी ठेव" म्हणाले. मी आत जाऊन फाईल आणली. छाननी समितीच्या नावे अर्ज तयार होता, सातबारा, मागच्या नुकसानीचा पंचनामा, २००९ च्या निकालाची प्रत जोडून. दुसऱ्या दिवशी दोन प्रतींत दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. उत्तराची वाट बघतोय.